बाळू पालवणकर १९२३ ला संपत नाहीत: एका वाचकाला उत्तर

नमस्कार.

‘एक वाचक’ एवढंच नाव टाकून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण पहिले चार परिच्छेद माझी बाजू सावरण्यात गेले. ते खोडले. आता नीट लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाळू पालवणकर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजावर आणि त्यांच्या शिवराम, विठ्ठल, गणपत या भावांवर मी लिहिलं होतं. त्या काळी मुंबईत धर्मावार संघ असत: हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कॅप्टन झाले, संघाने युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, तिथे माझा लेख संपतो. त्यावर तुम्ही म्हणता की मी मुद्दाम सोयीच्या जागी थांबलो. बाळूंनी १९३२ साली संयुक्त मतदारसंघांची (म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधी फक्त अस्पृश्यांनी नव्हे, सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचे) बाजू घेतली, १९३७ साली काँग्रेसच्या तिकिटावर ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले, म्हणजे त्यांना वापरून घेतलं गेलं, आणि हे मी लपवलं. तुमचं शेवटचं वाक्य तसंच उतरवतो: ‘ज्यांनी मातीच्या भांड्यात चहा दिला त्यांच्याच बाजूने जो उभा राहिला, त्याला तुम्ही नायक करताय.’ शिवाय १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या बळींचं मी उगाच कौतुक केलं, असंही तुमचं म्हणणं आहे.

पहिली गोष्ट. १९३७ लेखात नव्हतं, ही माझी चूक. मला ते ठाऊक होतं. विजयाच्या मिरवणुकीवर लेख संपवला की वाचणाऱ्याला बरं वाटतं, मलाही बरं वाटलं, आणि पुढची बत्तीस वर्षं मी टाकून दिली. ज्या माणसाविषयी इतक्या आपुलकीने लिहिलं, त्याचंच आयुष्य मी अर्ध्यावर कापलं. तुम्ही हे दाखवलंत म्हणून आभार मानतो.

पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. का, ते सांगायला पुन्हा पुण्याला जावं लागेल.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातलं पालवण, जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे घर छावणीजवळ. गोऱ्या सोजिरांनी टाकून दिलेल्या बॅटबॉलने ही भावंडं खेळायला शिकली. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये मिळू लागले. तिथलंच काम: खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची, आणि साहेबांना सरावाला बॉल टाकायचे. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना बॉल टाकायला लावी. आपल्याला बाद केलं की तो आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचं खरंखोटं बाजूला ठेवू. रोज तासन्‌तास, एका उत्तम फलंदाजासमोर, एकाच जागेवरून बॉल टाकत राहणं ही बाळूंची शाळा होती, एवढं मात्र खरं.

त्या शाळेत त्यांना एक गोष्ट कधीच शिकवली गेली नाही. इतकी वर्षं जाळीत राबले, पण युरोपियनांनी एकदाही त्यांच्या हातात बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबाने करायची, गोलंदाजी नोकराने. मी स्वतः लहानपणी डावखुरी फिरकी टाकायचो. शिबिरात तासाभराच्या गोलंदाजीनंतर ‘आता तू पॅड बांध’ असं सर म्हणाले की जो आनंद व्हायचा, तो अजून आठवतो. म्हणून बाळूंच्या त्या न मिळालेल्या पाळीपाशी मी दर वेळी थांबतो. (त्या शिबिरात आम्हाला इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे किती फिरकी गोलंदाज सांगितले गेले! पालवणकर हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात असताना, तेही ग्रंथालयात दुसरंच काही शोधताना.)

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, आणि युरोपियनांच्या नेटमध्ये राबणारा हा पोरगा त्यांना हवा होता. घेऊ की नको यावर वाद झाले. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा, आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं पानही वेगळं. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या क्लबाविरुद्ध त्यांनी संघ जिंकून दिला, न्या. रानड्यांसारख्यांनी जाहीर कौतुक केलं, तेव्हा कुठे हे थोडं सैल झालं. पुढे ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, रेल्वेत नोकरी मिळाली. मुंबईत संघातले सवर्ण खेळाडू त्यांच्याबरोबर एका पंक्तीला जेवू लागले आणि त्याची त्या काळी चर्चा झाली. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते.

इंग्लंडचा मुद्दा इथेच संपवतो. १९११ चा तो संघ बहुतेक सामने हरला, हे खरं. पण हरणाऱ्या संघात, पस्तिशीला आलेल्या माणसाने, दुखऱ्या खांद्यानिशी, घरच्या खेळपट्ट्यांपासून इतक्या दूर ११४ बळी घेतले. त्याचं कौतुक मी पुन्हाही करेन. तो आकडा नको असेल तर सगळ्या प्रथम श्रेणी कारकिर्दीचा घ्या: ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते.

आता तुमच्या खऱ्या मुद्द्याकडे येतो.

१९१० नंतरची दहा वर्षं बाळू हे हिंदू संघातले सर्वांत अनुभवी खेळाडू. कॅप्टन मात्र ते कधीच झाले नाहीत. १९१३ साली कॅप्टन झालेल्या पैंनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. पै मोठ्या मनाचे, पण कॅप्टनपद पैंकडेच राहिलं. १९२० साली मुसलमानांच्या संघाविरुद्धच्या सामन्याला पै आजारी पडले. त्यांच्या जागी विठ्ठल यायला हवे होते. निवड समितीने पुण्याच्या प्रा. देवधरांना नेमलं, आणि बाळूंना संघातूनच वगळलं. देवधर मोठे खेळाडू, त्यांच्या नावाचा चषक आहे आणि तो असावाच. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी काय केलं पाहा. त्यांनी संघातून अंग काढून घेतलं आणि आपली जात हेच यामागचं कारण आहे, असं निवेदन काढलं. १९२० साली! खेळाडूने बोर्डाविरुद्ध ब्र काढणं आजही सोपं नाही. पुढच्या, पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला तिघेही परत आले, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी हिंदू संघाचं नेतृत्व केलं. तेवढाच वेळ. तीन वर्षांनी विठ्ठल कॅप्टन झाले.

हे सगळं पुन्हा सांगितलं, कारण १९३२ साली बाळू जे बोलले ते या अनुभवातून आलं असं मला वाटतं. संघात जागा मागितली, आधी मातीच्या भांड्यानिशी मिळाली, मग एका पंक्तीत मिळाली, शेवटी भावाला कॅप्टनपद मिळालं. तीस वर्षांत एक दार इंचाइंचाने उघडताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या संघाचं नावच ‘हिंदू’ होतं, आणि ते त्यात आहेत म्हणजे हिंदू आहेत, हे त्यांनी बळी घेऊन मान्य करायला लावलं होतं. अशा माणसाला वेगळा मतदारसंघ म्हणजे मिळवलेली जागा सोडून पुन्हा बाहेर जाऊन बसण्यासारखं वाटलं असेल, तर मला ते समजतं. त्या सप्टेंबरात पुणे करार झाला, त्यावरच्या सह्यांमध्ये बाबासाहेबांची सही आहे आणि पी. बाळू हीदेखील सही आहे. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हाही बाळू धर्मांतराच्या विरोधात होते. हा त्यांचा विचार होता, आणि तो १९३७ च्या आधीपासूनचा होता. म्हणून कोणीतरी त्यांना वापरलं असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला खटकतं. साहेबाच्या नेटमध्ये त्यांना स्वतःचं मत नव्हतं असं मानणारे त्या काळी पुष्कळ होते. राजकारणातही त्यांना मत नव्हतं, असं आपण आज कशाला मानायचं?

पण त्यांचा विचार बरोबर होता का? मला वाटतं, नाही. माझ्या मते त्यांचीच कारकीर्द त्यांच्या विरोधात साक्ष देते. दार उघडलं, पण कोणासाठी? ज्याच्याशिवाय सामना जिंकता येत नव्हता, त्याच्यासाठी. पुण्यात त्यांच्याच वस्तीतली जी मुलं साधारण गोलंदाज होती, ती खेळपट्टी झाडतच राहिली असतील. आणि ज्याच्यासाठी उघडलं त्यालाही एका मर्यादेपर्यंतच उघडलं: बळी तू घे, क्षेत्ररक्षण आम्ही लावू. संघ कोणी निवडायचा, कॅप्टन कोणी व्हायचं, हे ठरवणाऱ्या खोलीत पालवणकर नव्हते. बाबासाहेब मागत होते ती जागा त्याच खोलीतली होती. आपला प्रतिनिधी आपल्या मतांवर निवडून यावा, दुसऱ्याच्या मर्जीवर नको. १९२० चं विठ्ठल-शिवरामांचं निवेदन आणि बाबासाहेबांची मागणी शेजारी ठेवून वाचा. मला त्यात एकच तक्रार दिसते.

आणि मग १९३७. मुंबईतल्या भायखळा-परळ भागातली जागा, राखीव, पण मतदार सगळे एकत्र, म्हणजे पुणे करारातून आलेलीच व्यवस्था. एका बाजूला आदल्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढलेले पंचेचाळीस वर्षांचे बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे साठी ओलांडलेले बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० चा. बाबासाहेबांना जी भीती होती, की संयुक्त मतदारसंघात मोठा पक्ष आपल्याच समाजातला माणूस आपल्यासमोर उभा करेल, ती त्यांच्या स्वतःच्या निवडणुकीत खरी ठरली. समोर उभा केलेला माणूस कुणी ऐरागैरा नव्हता, एके काळी सगळ्या अस्पृश्य समाजाला ज्याचा अभिमान होता असा होता. मला हे फार वेदनादायक वाटतं. म्हणूनच बहुधा मी ते टाळलं.

बाबासाहेब जिंकले, हे चांगलं झालं. त्यापुढच्या त्यांच्या कामाचा विचार केला तर ते २,०२० मतांनी जिंकले हे वाचूनच आज धस्स होतं. पण त्यासाठी बाळूंना फितूर म्हणायला माझं मन तयार नाही. १८९२ पासून १९२० पर्यंत अपमान गिळत आणि कधी न गिळता ज्याने मैदान गाजवलं, त्याने शेवटी चुकीची बाजू घेतली असेल. चूक त्यांच्या नावावर लिहू या. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं मात्र त्या चुकीसाठी खोडायला नकोत.

मूळ लेखात मी आता १९३२ आणि १९३७ वर दोन परिच्छेद जोडले आहेत. शेवटही बदलला आहे: लेख आता ४ जुलै १९५५ पर्यंत जातो, त्या दिवशी सांताक्रूझला बाळू गेले.

तुम्ही प्रतिक्रियेत ओझरतं लिहिलंय की तुमचे आजोबा परळच्या चाळीत राहत आणि त्या निवडणुकीच्या गोष्टी सांगत. विठ्ठल पालवणकरांचं मराठी आत्मचरित्र आहे, ‘माझे क्रीडा-जीवन’, पण ते एका क्रिकेटपटूने क्रिकेटविषयी लिहिलेलं पुस्तक आहे. चाळीतल्या माणसांना तेव्हा काय वाटलं, कोणाच्या सभेला कोण गेलं, बाळूंना मत देणाऱ्यांनी ते का दिलं, हे मला कुठेच सापडलेलं नाही. आजोबांचं जे आठवतं ते तुम्ही लिहून पाठवाल का? माझ्या मताविरुद्ध जाणारं असलं तरी ते जसंच्या तसं, तुमच्या शब्दांत, त्या लेखाखाली लावेन.