सही माझी, परवाना माझा, मग नियम करताना मला विचारायचं का नाही?

2025 च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हापासून एक मजकूर फिरतो आहे. मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला. त्याचा गोषवारा असा: वैमानिकांच्या संघटना कोर्टात गेल्या, जास्तीची सुट्टी पदरात पाडून घेतली आणि म्हणून विमानतळांवर हाहाकार झाला. वैमानिक, देखभाल अभियंते अशा परवानाधारकांना फक्त काम कमी हवं असतं, तेव्हा सुरक्षेचे नियम तज्ज्ञांनी करावेत, यांना विचारू नये. विश्रांतीचा खर्च शेवटी तिकिटावरच पडतो. आणि हरकती नोंदवायची सोय आहेच की, आणखी काय हवं?

मी विमान देखभालीचा परवानाधारक अभियंता आहे. मुंबईत रात्रपाळ्यांमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. हा मजकूर वाचून मला राग आला, पण उत्तर मुद्द्यांनाच देतो.

आधी डिसेंबर. वैमानिकांच्या विश्रांतीचे ते नियम संघटनांनी लिहिलेले नाहीत. रोस्टर (ड्युटीची वेळापत्रकं) आणि थकव्याचे अहवाल तपासून डीजीसीएनंच, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानंच, ते जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले: साप्ताहिक विश्रांती 36 ऐवजी 48 तास, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची, वैमानिकाच्या रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणायची. अंमल 1 जून 2024 पासून होणार होता. विमान कंपन्यांनी मुदत मागितली आणि मार्चमध्येच तो लांबणीवर पडला. दिल्ली उच्च न्यायालयात संघटनांचं मागणं होतं ते या जाहीर झालेल्या नियमांच्या अंमलाचं. अखेर 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले. म्हणजे तयारीला जवळपास बावीस महिने मिळाले. बाकीच्या कंपन्यांनाही हीच तारीख होती, त्यांचं वेळापत्रक असं कोसळलं नाही. डीजीसीएनं पुढे इंडिगोला 22 कोटी 20 लाखांचा दंड केला, तो नियोजनातल्या त्रुटींसाठी.

आणि 5 डिसेंबरला काय झालं? साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजायची नाही, ही सूचना मागे घेण्यात आली. इंडिगोला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट मिळाली. जो नियम यायला जवळपास दोन वर्षं लागली, तो सैल व्हायला महिना-सव्वा महिना पुरला.

आता स्वार्थाचा मुद्दा. स्वार्थ असतो, मी नाकारत नाही. पगाराच्या वाटाघाटीत सुरक्षेचा विषय पुढे करणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला ते कधी पटलं नाही. पण कंपनीलाही स्वार्थ असतोच, तरी तिनं मुदत मागितली तर कोणी म्हणत नाही की हिला विचारू नका. शिवाय चूक झाली तर कोणाचं काय जातं तेही पाहा. विमान उड्डाणाला सोडताना टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीवर, सही माझी असते आणि तिच्याशेजारी माझा परवाना क्रमांक. काही निष्पन्न झालं तर निलंबन त्या क्रमांकाचं होतं. वैमानिकाचं तसंच. थकला असशील तर उडायचं नाही, ही जबाबदारी नियमानं त्याच्यावरही टाकली आहे. ज्याला आपण नावानिशी जबाबदार धरतो त्याला नियम करताना बाहेर बसवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

'तज्ज्ञांना ठरवू द्या' हे वाक्य ऐकायला रास्त आहे, म्हणून इथे जरा थांबतो. तज्ज्ञांपर्यंत माहिती पोहोचते कशी? 1 डिसेंबर 1974 ला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं 514 हे विमान वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. 92 माणसं गेली. 'अप्रोचला (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याला) परवानगी' या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकांनी दुसरा. तपासात कळलं की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान याच गैरसमजातून त्याच ठिकाणी थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते कंपनीला सांगितलं, कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण टीडब्ल्यूएपर्यंत ते पोहोचलं नाही. यातूनच 1976 मध्ये नासानं चालवलेली गोपनीय अहवालांची व्यवस्था उभी राहिली. ती नासाकडे दिली, कारण दंड करणाऱ्या खात्याला कोणी मोकळेपणानं सांगणार नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण मंगळूरचं. 22 मे 2010, सकाळी सहाच्या सुमारास, दुबईहून रात्रभर उडून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान. 166 पैकी 158 जण गेले. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता, दीड तासाहून जास्त झोपेनंतर तो लँडिंगला बसला होता. सहवैमानिक 'गो अराउंड', म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर घे, म्हणत राहिला. पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सर्वांत मंद काळ, हे विज्ञान सांगतं. पण 2024 च्या बदलापर्यंत आपल्या नियमातली रात्र पाचलाच संपत होती. त्या शेवटच्या तासात डोळे कसे मिटतात हे जे तिथे बसतात त्यांना विचारा.

आम्हा देखभालवाल्यांचंही वेगळं नाही. विमानं दिवसभर उडतात, म्हणून स्नॅग, म्हणजे बिघाड, रात्री काढायचे आणि पहिल्या फेरीला विमान द्यायचं. 10 जून 1990 ला ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत निघाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. तो वाचला. काच बसवताना वापरलेल्या 90 बोल्टांपैकी 84 किंचित बारीक होते. ते काम पहाटेच्या वेळी झालं होतं आणि करणारा अनुभवी होता. हे वाचताना माझ्या हाताला घाम येतो, कारण त्या वेळेला जुन्या बोल्टशी नवा ताडून पाहणारी नजर कशी होते ते मला ठाऊक आहे. थकव्याच्या व्यवस्थापनावर आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेनं मार्गदर्शिका केली ती विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा आणि वैमानिकांची इफाल्पा यांना सोबत घेऊन. तज्ज्ञ विरुद्ध परवानाधारक अशी फाळणी तिथे कोणी केली नाही.

खर्चाचं म्हणाल, तर अमेरिकेत तो हिशेब करून झाला आहे. 2009 मध्ये बफेलोजवळच्या अपघातात 50 जण गेले. त्यानंतर वैमानिक संघटना आणि कंपन्या यांना एका समितीत बसवून विश्रांतीचे नवे नियम तयार झाले, पण खर्च परवडत नाही म्हणून मालवाहू विमानांना वगळलं. 14 ऑगस्ट 2013 ला यूपीएसचं मालवाहू विमान अलाबामात बर्मिंगहॅमला पहाटे उतरताना कोसळलं. दोघेही वैमानिक गेले. त्या रात्री कॉकपिटमध्ये ते दोघं याच विषयावर बोलत होते: आम्हाला वेगळा नियम का? थकवा हे त्या अपघाताचं एक कारण म्हणून अहवालात नोंदलं गेलं.

राहिली हरकतींची सोय. मसुदा 30 दिवस संकेतस्थळावर असतो, हे खरं. मीही हरकती पाठवल्या आहेत. पुढे त्या कोणी वाचल्या, मान्य केल्या की नाही आणि का, हे कळलं नाही. मला नकाराधिकार नको आहे. प्रत्येक हरकतीवर काय ठरलं ते कारणासह प्रसिद्ध व्हावं. नियम लिहिणाऱ्या समितीत वैमानिक, देखभाल अभियंते आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांना कायम जागा असावी. आणि 5 डिसेंबरसारखी सूट द्यायची वेळ आली, तर ज्या दिवशी कंपनीचं म्हणणं ऐकतात त्याच दिवशी आमचंही ऐकावं, आणि दोन्ही लेखी ठेवावं.