डब्याचा नियम, कर्मवीर आणि तुमचा आक्षेप

सर, नमस्कार. ‘डब्यात मांसाहार आणू नये’ या शाळेच्या सूचनेविरुद्ध मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: सगळ्यांना एकच नियम यालाच समता म्हणतात, मी उगाच मुलांना वेगळेपण शिकवतेय, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली तेव्हा कुणी कुणाच्या आवडीनिवडी विचारल्या नव्हत्या. तुमची उभी हयात वर्गात गेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कर्मवीरांपासूनच सुरुवात करू. भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच जेवायला बस असं सांगितलं गेलं, त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. त्याच माणसाने १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं; १९२७ मध्ये गांधीजींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. तिथे सगळ्यांची मिळून एकच चूल होती, ती विटाळ मोडण्यासाठी. जात दिसतच नाही असा आव त्यांनी आणला नाही, ती डोळ्यांसमोर होती म्हणून तर मुद्दाम सगळ्या जातींची पोरं गोळा केली. एकच नियम तिथेही होता आणि इथेही आहे, पण तो वाकायला कुणाला लावतो ते बघा ना. तिथे सोवळं पाळणाऱ्याला वाकावं लागलं. इथे ज्याच्या घरी सुकट शिजते त्याच्या पोराला.

‘आमच्या वर्गात जातपात कधी नव्हतीच,’ असंही तुम्ही लिहिलंय. तुमच्या मनात नव्हती, हे मला पूर्ण मान्य. पण शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात काय व्हायचं ते मी स्वतः पाहिलंय. ‘एससी, एनटीची मुलं उभी राहा, जातीचा दाखला कुणाकुणाचा राहिलाय?’ चार-पाच जण उठायचे, बाकीचे वळून बघायचे. सरांच्या मनात काहीही वाईट नसायचं. तरी मधल्या सुट्टीत कोण कुठला हे सगळ्या वर्गाला ठाऊक झालेलं असायचं. हीच सूचना वहीत चिठ्ठी घालून घरी पाठवता आली असती.

आमच्या शेजारची चौथीतली मुलगी डबा मांडीवर घेऊन, झाकण अर्धंच उघडून खाते. एकदा सुकटीची चटणी नेली होती, तेव्हा ‘ई, वास येतोय’ म्हणून बाकावरच्या दोघी उठून गेल्या. आता ती आईला सांगते, नुसती भाकरी आणि गूळ दे. सूचना निघाली ती त्यानंतर. म्हणजे ज्यांनी नाकं मुरडली त्यांना कुणी काही बोललं नाही, आणि चटणी मात्र नियमात अडकली.

शाकाहारी मुलांच्या भावनांचा तुमचा मुद्दा खरा आहे, तो मी झटकणार नाही. न खाणाऱ्या मुलाच्या ताटात कुणी काही टाकू नये, चिडवायला त्याच्या नाकासमोर धरू नये, त्याला वेगळं बसायचं असेल तर बसू द्यावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळं ठेवलं होतं. पुढे अंड्यांचा निधी थांबला, तो वेगळा विषय. पण एकाच शाळेत दोघांची सोय होऊ शकते, हे कागदावर तरी मान्य झालं होतं.

आणि हे डब्यापुरतंच नाही. गळीत हंगामात बीडकडची ऊसतोड कामगारांची मुलं आपल्या शाळांत येऊन बसतात. त्यांच्या बोलीची नक्कल होते, तेव्हा बाई हसून सोडून देतात की तिथल्या तिथे थांबवतात, यावर ते पोर उद्या येणार की फडात थांबणार हे ठरतं.

सर, तुमचा शब्द शाळेत चालतो. पुढच्या पालकसभेला याच. सूचनेत मांसाहाराचं वाक्य काढून ‘कुणाच्या डब्यावर शेरे मारू नयेत’ एवढं घालावं, असं मी मांडणार आहे. तुम्हाला पटलं नाही तर तिथे सगळ्यांसमोर विरोध करा, मला चालेल.