मयताच्या हलव्याचं काय?

तुमच्या पाककृतीच्या लेखात इर्मिक हेल्वासीला, म्हणजे रव्याच्या हलव्याला, 'सणासुदीचा तुर्की शिरा' म्हटलंय, ते काही पटलं नाही. कंदिल नावाच्या मुसलमानांच्या पवित्र रात्री किंवा पोरगा लष्करात निघाला की हा हलवा करतात, हे खरं. पण तुर्कस्तानात तो आधी आठवतो कुणी गेल्यावर. इस्तंबूलला नोकरीनिमित्त राहत होते तेव्हा वरच्या मजल्यावरचे आजोबा वारले आणि दुपारी जिनाभर लोण्यात भाजल्या जाणाऱ्या रव्याचा घमघमाट! आपल्याकडे सुतकात असा वास आला असता तर शेजारपाजारी नाकं मुरडली असती. तिथे समजूत अशी की हा वास गेलेल्याच्या आत्म्यापर्यंत पोचतो. पातेलं एकटी घरधनीण हलवत नाही. आलेली प्रत्येक बाई उलथनं हाती घेते, मनात फातिहा (कुराणातला पहिला अध्याय) म्हणते, दोन-चार वेळा परतते आणि दुसरीकडे देते. मलाही दिलं. मग शेजारी बशा जातात. पुष्कळ घरांत 7व्या, 40व्या, 52व्या दिवशी पुन्हा हेच.

आणि रवा 'पाच मिनिटं परता' कसं लिहिलंत हो? पाइन नट्स कच्चेच रव्याबरोबर घालायचे, ते तांबूस झाले की रवा भाजला असं समजायचं. मंद आचेवर अर्धा तास सहज जातो, हात भरून येतो. मग गरम साखर-दूध ओतायचं, झाकणाखाली फडकं घालून मुरू द्यायचं. वेलची नाही, केशर नाही. पोटात आइस्क्रीम भरलेल्या हलव्याचा फोटो टाकलाय, तो मासळीच्या हॉटेलांतला प्रकार. लागतो झकास, त्याबद्दल वाद नाही.