फ्रान्स खरंच पाच हजार चर्च पाडणार आहे का?

"फ्रान्स 2030 पर्यंत पाच हजार चर्च पाडणार. लोकांनी देव सोडला, चर्चकडे पैसा उरला नाही, आणि खेड्यातल्या त्या पडक्या इमारतींत जपण्यासारखं होतंच काय?" असा मजकूर सध्या फिरतोय, सरकारला काही पडलेलं नाही असा सूरही त्यात आहे. तो पुढे पाठवण्याआधी थोडं थांबा.

आधी आकडा. 2022 मध्ये फ्रेंच सिनेटच्या एका अहवालात अंदाज मांडला होता : देशातल्या सुमारे 1 लाख धार्मिक वास्तूंपैकी 2,500 ते 5,000 वास्तू 2030 पर्यंत ओस पडण्याचा, विकल्या जाण्याचा किंवा पाडल्या जाण्याचा धोका आहे. तो इशारा होता, त्याचा परस्पर सरकारी निर्णय करून टाकला गेलाय. पाडापाडी होतच नाही असं नाही. जेस्ते गावचं एकोणिसाव्या शतकातलं चर्च 2013 मध्ये पाडलं, घंटाघर आणि तळघर तेवढं राहिलं. माझ्या मते ते पाडायला नको होतं. पण गावाच्या मनात आलं आणि चर्च पाडलं, असं होत नाही. आधी ते उपासनेच्या वापरातून रीतसर काढावं लागतं. साधारणपणे त्यासाठी बिशपची लेखी संमती आणि प्रीफेक्टचा, म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी प्रतिनिधीचा, आदेश लागतो.

"चर्चकडे पैसा नाही" हे वाक्य तर मुळातच भलत्या पत्त्यावर गेलंय. 1905 च्या कायद्याने धर्म आणि शासन वेगळे झाले. इमारती उपासकांच्या नव्या संस्थांकडे जायच्या होत्या, पण पोप दहावे पायस यांनी कॅथलिकांना अशा संस्था काढायला मनाई केली. त्यामुळे 1905 पूर्वीची बहुतेक गावचर्च कम्यूनच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेच्या मालकीची राहिली. पाद्री आणि भाविक ती विनामोबदला वापरतात, छप्पर मात्र गावाचं. 1908 च्या कायद्याने कम्यूनला दुरुस्तीवर खर्च करायची मुभा दिली, सक्ती केली नाही. खरं दुखणं इथे आहे. काही शे वस्तीच्या गावाचं अंदाजपत्रक ते केवढं! पन्हळ तुंबते, कुणी शिडी लावून ती साफ करत नाही, पाणी भिंतीत मुरतं आणि आतला चुन्याचा गिलावा फुगून सुटायला लागतो. बुलडोझरपेक्षा मला या गळतीची भीती जास्त वाटते.

माणसं प्रार्थनेला कमी येतात, हे खरंच आहे.

आणि "जपण्यासारखं काय?" मध्य फ्रान्समधलं नोआँ-व्हिक घ्या. तिथलं सेंट मार्टिनचं चर्च बाहेरून अगदी साधं, बुटकं. 1849 मध्ये तिथल्या पाद्र्याला भिंतीवरच्या चुन्याखाली बाराव्या शतकातली चित्रं सापडली. येशूचं शेवटचं भोजन आहे, त्याचा घात करणाऱ्या यहूदा या शिष्याने घेतलेलं चुंबन आहे. गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग, ठसठशीत रेषा. लेखिका जॉर्ज साँ जवळच राहायच्या. त्यांनी ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचवली आणि चर्चला संरक्षण मिळालं. कुणी ते "पडकं" म्हणून आधीच पाडलं असतं, तर आत काय होतं हेही जगाला कळलं नसतं. अजून किती गावांत चुन्याखाली काय दडलंय, कोण सांगणार?

राहिला "सरकारला काही पडलेलं नाही" हा सूर. सप्टेंबर 2023 मध्ये फ्रान्सने 10,000 पेक्षा कमी वस्तीच्या कम्यूनमधल्या धार्मिक वारशासाठी राष्ट्रीय निधीसंकलन सुरू केलं. चार वर्षांत 20 कोटी युरो उभे करायचं उद्दिष्ट ठेवलं, आणि देणगीदाराला 1,000 युरोपर्यंतच्या देणगीवर 75 टक्के करसवलत दिली.