11 हजार नोकऱ्यांचा हिशेब नीट मांडू या

कॅनडातलं तेल अमेरिकेत नेणाऱ्या कीस्टोन पाइपलाइनबद्दलचा एक मेसेज गेली काही वर्षं फिरतो आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी ही पाइपलाइन पुन्हा बांधायला घ्या असं जाहीरपणे म्हटल्यावर त्याला नव्याने जोर चढला. मजकूर थोड्याफार फरकाने असा: "बायडन यांनी पहिल्याच दिवशी एका सहीने 11 हजार लोकांच्या नोकऱ्या घालवल्या. त्यामुळे पेट्रोल महागलं. पाइपलाइन रेल्वेपेक्षा सुरक्षित असते. आणि कॅनडातलं तेल तसंही निघतंच आहे, म्हणजे पर्यावरणाचंही काही वाचलं नाही." यातलं काही अर्धं खरं आहे, काही तर बरंचसं खरं आहे. म्हणून सगळं एका फटक्यात खोटं ठरवण्यापेक्षा एकेक मुद्दा उघडून पाहिलेला बरा.

आधी एक घोळ मिटवू. कीस्टोन नावाची पाइपलाइन 2010 पासून चालू आहे आणि आजही तिच्यातून तेल वाहतं. रद्द झाली ती तिची वाढीव शाखा, कीस्टोन एक्सएल. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या हार्डिस्टीपासून नेब्रास्कातल्या स्टील सिटीपर्यंत सुमारे 1,900 किलोमीटर, रोज 8 लाख 30 हजार बॅरल. ओबामांनी 2015 मध्ये ती नाकारली, ट्रम्प यांनी 2017 मध्ये मंजूर केली, बायडन यांनी 20 जानेवारी 2021 रोजी परवाना काढून घेतला आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने प्रकल्प गुंडाळला.

आता नोकऱ्या. 11 हजार हा आकडा कंपनीचाच आहे, आणि तो 2021 या वर्षातल्या बांधकामात किती लोकांना काम मिळेल याचा अंदाज होता. म्हणजे सही झाली त्या दिवशी 11 हजार माणसं कामावर नव्हती. परवाना गेल्यावर हजारावर लोकांचं काम जाईल, असं कंपनीने स्वतः सांगितलं होतं. हजार हा आकडाही लहान नाही. त्यातले बहुतेक युनियनचे बांधकाम कामगार होते: वेल्डर, ऑपरेटर, मजूर. त्यांच्या घरचा हप्ता थांबला, ते संतापले, आणि त्यांचा संताप खरा होता. "पर्यावरणासाठी एवढं सोसा" असं त्यांना सांगणाऱ्यांनी त्यांच्यापुढे दुसरं काम ठेवलं नाही, ही त्या निर्णयातली मोठी उणीव मला आजही वाटते.

पण काम किती दिवसांचं होतं? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जानेवारी 2014 च्या पर्यावरण अहवालात हा हिशेब केला आहे. सगळं बांधकाम एका वर्षात उरकलं तर थेट बांधकामाचं काम 3,900 माणसांना वर्षभर पुरेल एवढं. दोन वर्षं लागली तर वर्षाला त्याच्या निम्मं. कंत्राटदाराला माल पुरवणारे, कामगार जिथे जेवतील ती हॉटेलं, सगळं धरून आकडा 42,100 वर जातो, तोही बांधकामाच्या काळापुरता. पाइपलाइन चालू झाल्यावर उरणार होते 50 लोक: 35 कायम आणि 15 कंत्राटी. शिवाय पाइपलाइनवरचे वेल्डर हे खास कसबाचे, गावोगाव फिरणारे कामगार. ज्या राज्यांतून पाइप जाणार तिथल्या लोकांना बांधकामातलं साधारण दहा टक्केच काम मिळेल, असा त्याच अहवालाचा अंदाज होता. ऊसतोडीच्या हंगामात फडावर किती कोयते आहेत ते मोजून कारखान्यात तेवढ्या कायम नोकऱ्या आहेत असं आपण म्हणत नाही. मग इथे का म्हणायचं?

पेट्रोलचा मुद्दा दोन ओळींत संपतो. 2021 मध्ये एक्सएलचं जेमतेम आठ टक्के बांधकाम झालं होतं आणि ती 2023 मध्ये सुरू व्हायची होती. जे तेल अजून वाहायचंच होतं, ते न आल्यामुळे 2022 मध्ये भाव वाढले असं म्हणता येत नाही.

"पाइपलाइन रेल्वेपेक्षा सुरक्षित" या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण तो पोकळ नाही. 6 जुलै 2013 रोजी कॅनडातल्या लाक-मेगांतिक या गावात कच्च्या तेलाची रेल्वेगाडी रुळावरून घसरली आणि 47 माणसं गेली. तेल न्यायचंच असेल तर माणसं मरण्याचा धोका पाइपलाइनमध्ये कमी, हे मान्य. पण सुरक्षित म्हणजे फक्त कुणी मेलं नाही एवढंच नव्हे. पाइप फुटतो तेव्हा काय होतं, ते मिशिगनमध्ये दिसलं.

25 जुलै 2010, संध्याकाळचे 5 वाजून 58 मिनिटं. मार्शल गावाजवळ एन्ब्रिज कंपनीची 1969 साली पुरलेली 30 इंची लाइन दोन मीटर लांब फाटली. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजले. लाइन त्याच वेळी ठरल्याप्रमाणे बंद केली जात होती, त्यामुळे पाइपात पोकळी झाली असेल, म्हणून दाब पडतोय, असा अर्थ ऑपरेटरांनी लावला. पोकळी भरायला त्यांनी पंप पुन्हा सुरू केले. एकदा नव्हे, दोनदा. फाटलेल्या पाइपात तेल ढकललं जात राहिलं. 17 तास उलटल्यावर बाहेरून, एका गॅस कंपनीच्या कामगाराकडून फोन आला, तेव्हा कुठे गळती आहे हे कळलं. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीनुसार सांडलेल्या सुमारे 32 लाख लिटर तेलापैकी 81 टक्के त्या दोन वेळच्या पंपिंगमध्ये बाहेर पडलं. पाइपातल्या चिरा 2005 च्या तपासणीत दिसलेल्या होत्या, त्यांची दुरुस्ती झालेली नव्हती.

ते तेल कॅनडातल्या तेलमिश्रित वाळूतून काढलेलं होतं, कीस्टोन एक्सएल जे नेणार होती त्याच जातीचं. डांबरासारखं घट्ट, पातळ द्रव मिसळून वाहतं केलेलं. पातळ भाग हवेत उडाला. आजूबाजूच्या 300 हून अधिक लोकांनी तेलाच्या संपर्काने होणाऱ्या त्रासाची तक्रार केली. जड भाग कालामाझू नदीच्या तळाशी जाऊन बसला. तेल पाण्यावर तरंगतं हे गृहीत धरून केलेली सफाई तिथे पुरी पडेना, गाळ उपसावा लागला. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला.

आणि खुद्द कीस्टोन? 2010 ते 2020 मध्ये तिचे 22 अपघात झाले. अमेरिकेच्या संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने 2021 मध्ये सांगितलं की तिच्या अपघातांची संख्या इतर लाइनींसारखीच आहे, पण गेल्या काही वर्षांत ते गंभीर होत चाललेत, आणि चार सर्वांत मोठ्या गळत्यांचं मूळ डिझाइन, पाइपाची घडण किंवा बांधकाम यांत आहे. पुढच्याच वर्षी, 7 डिसेंबर 2022 रोजी, कॅन्ससच्या वॉशिंग्टन काउंटीत मिल क्रीक या ओढ्याच्या काठी पाइप फुटला आणि 12,937 बॅरल, म्हणजे वीस लाख लिटरच्या वर तेल गेलं. आधीच्या 22 अपघातांच्या बेरजेहून जास्त. कारण काय निघालं? पाइपवर आलेला वाकण्याचा ताण आणि वेल्डिंगच्या जोडातला दोष.

माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. मेसेज म्हणतो, एका बाजूला नोकऱ्या, दुसऱ्या बाजूला पर्यावरण, निवडा. पण मिल क्रीकमध्ये तेल आलं ते बांधणीतल्याच कमतरतेतून. वेल्डरला किती वेळ दिला, जोड कुणी तपासला, खड्ड्यात पाइपला नीट टेकू मिळाला का, दाब किती ठेवला, हे सगळे कामाचेच प्रश्न आहेत. कीस्टोनला 2007 मध्ये खास परवानगी मिळाली होती: इतर लाइनींना पोलादाच्या ताकदीच्या 72 टक्क्यांपर्यंत दाब, हिला 80 टक्के. ज्यांना कामगारांची खरोखर काळजी आहे त्यांनी तपासनीसांची, दुरुस्तीची, जुने पाइप बदलण्याची कामं मागावीत. ती वर्षानुवर्षं चालतात. एप्रिल 2025 मध्ये नॉर्थ डकोटात फोर्ट रॅन्समजवळ हीच लाइन पुन्हा फुटली, तेव्हा जागेवरच्या कर्मचाऱ्याने मोठा आवाज ऐकला आणि दोनेक मिनिटांत लाइन बंद झाली. तरी अंदाजे 3,500 बॅरल तेल सांडलंच. मार्शलचे 17 तास आठवा, म्हणजे त्या एका माणसाच्या नोकरीची किंमत कळेल.

"तेल तसंही निघतंच आहे" हे बऱ्याच अंशी खरं आहे. 2014 च्या अहवालातही जवळपास असंच म्हटलं होतं, आणि मे 2024 मध्ये ट्रान्स माउंटन लाइनचा विस्तार सुरू होऊन कॅनडाला पॅसिफिककडची मोठी वाट मिळाली. एक्सएल रोखल्याने हवामानबदल रोखला जाईल असं सांगणाऱ्यांनी अतिशयोक्ती केली. पण तेल दुसऱ्या वाटेने येतच असेल तर त्या सहीने पेट्रोल महागलं कसं? दोन्ही वाक्यं एका मेसेजमध्ये राहू शकत नाहीत. आणि नेब्रास्कातल्या शेतकऱ्याची लढाई मुळात हवामानाची नव्हतीच. त्याच्या विहिरीला पाणी देणारा ओगलाला हा जमिनीखालचा जलसाठा आणि नको म्हणत असताना त्याच्या जमिनीवर येणारा कंपनीचा हक्क, हे त्याचे प्रश्न होते.

हा दुसरा प्रश्न महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवा नाही. मुंबईहून मनमाडकडे जाणाऱ्या तेलवाहिनीसारख्या लाइनी शेतांखालूनच गेल्यात. 1962 च्या केंद्रीय कायद्याने सरकार जमीन घेत नाही, जमिनीखाली पाइप टाकण्याचा 'वापराचा हक्क' घेतं. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, पण त्या पट्ट्यावर घर बांधायचं नाही, विहीर खोदायची नाही, झाड लावायचं नाही. त्या हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, पिकाची नुकसानभरपाई वेगळी. बांधकामाची टोळी एका हंगामात पुढे निघून जाते आणि ही बंधनं पुढच्या पिढीलाही पाळावी लागतात. नोकऱ्यांचा आकडा मांडणाऱ्या कुठल्याही मेसेजमध्ये हा पट्टा मी अजून पाहिलेला नाही.