म्हणे साताऱ्यात दोन तासांच्या वर काही नाही

दोन दिवसांत तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आलाय. सातारा ही नावापुरती राजधानी, कारभार सगळा पुण्यातून, अजिंक्यताऱ्यावर टॉवर सोडला तर काही नाही, गावात पेढे घ्या आणि थेट कासला निघा, तिथं बारमाही फुलं. लिहिणारा बहुतेक हायवेवरनंच परत गेलाय.

नावापुरती कशी काय? शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ ला इथंच झाला, आणि बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब तिघांनाही पेशवाईची वस्त्रं त्यांनीच दिली. १७४९ ला महाराज गेले तसा कारभार पुण्याला सरकला, हे खरंय, नाही म्हणत नाही मी. पण पुढच्या पेशव्यांनाही वस्त्रं साताऱ्याच्या गादीकडनंच घ्यायला लागायची, आणि इंग्रजांनी ही गादी खालसा केली ती १८४८ ला, म्हणजे पेशवाई बुडून तीस वर्षं झाल्यावर!

आता किल्ला. टॉवर आहे, दिसतो लांबनं, मान्य. पण त्याच किल्ल्याखाली १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः तळ देऊन बसला होता, वर प्रयागजी प्रभू किल्लेदार, मूठभर लोक, आणि साडेचार महिने किल्ला हातात येईना. शेवटी सुरुंग लावले तर एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूला ढासळला आणि खाली हल्ल्याला तयार उभी असलेली त्यांचीच माणसं गाडली गेली. मंगळाई बुरुजापाशी उभं राहून खाली बघा म्हणजे कळेल. गाडी पार दरवाज्यापर्यंत जाते हो, त्यामुळं दमलो हे कारण सांगू नका.

गावातला राजवाडा पडीक दिसतो, त्याची आम्हालाही लाज वाटते. पण तिथल्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरला लागलं, हे फॉरवर्डमध्ये कुठंय? संगम माहुली तर जवळच आहे, कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी देवळं, आणि शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी पण. वेळ असला तर लिंबची बारा मोटेची विहीर करा, विहिरीच्या आतच छोटा महाल आहे, उन्हाळ्यात पण गार.

कासला बारमाही फुलं वगैरे काही नसतं. पावसाळा सरताना, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, बास. फेब्रुवारीत आलात तर कातळ आणि वाळलेलं गवत बघाल आणि पुन्हा आम्हालाच नावं ठेवाल.

आणि हो, फॉरवर्डमध्ये अजिंक्यतारा म्हणून जो फोटो टाकलाय ना, तो सज्जनगडाचा दरवाजा आहे.