लक्ष्मी विलास पॅलेस आणि चौपटीचा हिशेब

बडोद्याच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर सतत फिरत असतो: लक्ष्मी विलास पॅलेस बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे, त्याचे क्षेत्रफळ ३,०४,९२,००० चौरस फूट, तर बकिंगहॅमचे ८,२८,८२१, शिवाय, वाडा बांधून झाल्यावर तो कोसळेल या धास्तीने वास्तुकाराने जीव दिला. हे सारे गावाच्या प्रेमापोटीच पुढे पाठवले जाते, पण तपासले तर टिकत नाही.

मुळात हे आकडे आपापसांतच जुळत नाहीत. पहिल्याला दुसऱ्याने भागल्यास चार नव्हे, छत्तीसहून अधिक येतात. मोठा आकडा आला कुठून, तेही लगेच कळते: एका एकरात ४३,५६० चौरस फूट, आणि त्याला ७०० ने गुणले की नेमके ३,०४,९२,००० होतात. म्हणजे बागा, मोतीबाग, नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर) आणि आज फत्तेसिंह म्युझियम असलेली राजघराण्यातील मुलांची शाळा, हे सारे ज्यात येते तो ७०० एकरांचा मूळ परिसर वाड्याच्या नावावर मांडला गेला. बकिंगहॅमचे मात्र फक्त इमारतीच्या मजल्यांचे क्षेत्रफळ धरले आणि तिथली चाळीसेक एकरांची बाग वगळली. त्याच मजकुरात आपल्या वाड्याच्या खोल्या १७० सांगितल्या आहेत. या हिशेबाने दर खोलीच्या वाट्याला चार एकरांहून अधिक जागा येते, जे अशक्य आहे. बकिंगहॅममध्ये खोल्या ७७५ आहेत.

वास्तुकाराची कथा तर कालक्रमातच अडकते. काम १८७८ साली सुरू झाले, मूळ वास्तुकार मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारले आणि रॉबर्ट चिझम यांनी वाडा १८९० मध्ये पुरा केला. पुरी झालेली इमारत मँट यांनी पाहिलीच नाही. त्यांच्याच आराखड्यावरचा कोल्हापूरचा नवा राजवाडाही आज भक्कम उभा आहे.

मला अधिक खटकते ते या मजकुरात नसलेले. दरबार हॉलची व्हेनिशियन मोझेइकची जमीन, इटालियन शिल्पकार फेलिची यांनी वाड्यासाठी घडवलेली शिल्पे, तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून याच वाड्यासाठी करून घेतलेली पौराणिक चित्रे, यांपैकी एकाचाही त्यात उल्लेख नाही. पाहुण्यांना वाडा दाखवताना एकरांआधी ही नावे सांगावीत.